डबा रिकामा परत करायचा नसतो

मराठी माणसाला 'थँक्यू' सहज म्हणता येतं, पण 'मी आपली आभारी आहे' असं म्हणायची वेळ आली की जीभ अडखळते, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? रिक्षावाल्याला, दुकानदाराला, लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्याला आपण थँक्यू म्हणून मोकळे होतो. पण बहिणीने आठवडाभर पोरं सांभाळली आणि आपण तिचे रीतसर आभार मानायला लागलो, तर ती चक्क रागावते. "आता आभार मानण्याइतकी परकी झाले का गं मी?" आभार मानायचे ते परक्यांचे, आणि परक्यांसाठी 'थँक्यू' पुरतं. मग उरलेला तो मोठा शब्द वापरायचा कुठे? बहुतेक वेळा तो सभेच्या शेवटी 'आभारप्रदर्शन' करणाऱ्याच्या वाट्याला येतो आणि तोपर्यंत लोक चपला शोधायला उठलेले असतात :)

थोडा विचार केला की आणखी एक गंमत दिसते. कोणी आपलं काही केलं की त्यासाठी आपल्याकडे जे शब्द आहेत ते जवळजवळ सगळे हिशेबाचे आहेत. उपकार 'फेडायचे' असतात. 'उतराई' व्हायचं असतं. 'परतफेड' करायची असते. 'ऋण' तर सरळसरळ कर्जच. 'आभार' या शब्दातही भार आहेच की. सत्काराला उत्तर देताना लोक "मला आपल्या ऋणातच राहायला आवडेल" असं म्हणतात तेव्हा टाळ्या पडतात, पण खरं सांगा, ऋणात राहायला कोणाला आवडतं? आपल्याला तर शेजारणीची वाटीभर साखरसुद्धा चार दिवस डोक्यावर राहिलेली चालत नाही.

याला अपवाद असलेला एकच शब्द मला माहीत आहे, तो म्हणजे 'कृतज्ञ'. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केलं गेलं ते ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. यात फेडण्याचा कुठेही उल्लेख नाही, फक्त जाणण्याचा आहे. आणि उलट शब्द बघा. 'कृतघ्न' म्हणजे न फेडणारा नव्हे, केलेल्याचा घात करणारा, केलेलं पुसून टाकणारा. म्हणजे ज्यांनी हे शब्द घडवले त्यांना हिशेबापलीकडचं काहीतरी कळलेलं होतं असं म्हणायला जागा आहे.

हे सगळं शब्दांचे खेळ म्हणून लिहीत नाहीये. ज्या एका माणसामुळे मी या शब्दांकडे वळले त्याचं नावही मला माहीत नाही. तो आमच्या आयुष्यात जेमतेम दोन तास होता. पण त्याच्याबद्दल सांगण्याआधी आत्याबद्दल सांगायला हवं. (घरातल्या मंडळींना हे सगळं ठाऊक आहे, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील. पण गाळणार नाहीत हेही मला ठाऊक आहे.)

माझी आत्या ही परतफेडीची मूर्ती होती. शेजाऱ्यांकडून काही पदार्थ आला की तो डबा तिच्या ओट्यावर राहायचा, कारण तो रिकामा परत करायचा नसतो. लाडू, चिवडा, काही नाही तर निदान चमचाभर साखर घालून तो जायचा. आणि तिची ती प्रसिद्ध वही! घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत कोणी काय आहेर केला ते तिने त्यात उभ्या रेघा मारून लिहून ठेवलेलं होतं. नाव, गाव, काय दिलं, आणि शेवटचा रकाना 'परत'. त्यांच्याकडचं कार्य आलं की वही उघडायची, त्यांनी दिलं होतं त्याच्यापेक्षा किंचित जास्त द्यायचं आणि शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण करायची. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापायची पद्धत आली तेव्हा सगळ्यात जास्त अस्वस्थ आत्याच झाली होती. "म्हणजे आता द्यायचं कसं?"

या बाईला २०१९ साली रक्ताचा कर्करोग झाला. केमोथेरपी सुरू झाली की रोगी पेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही मरतात आणि काही आठवडे शरीराला स्वतःचं रक्त नीट तयार करता येत नाही. आपल्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे दीड ते चार लाख प्लेटलेट्स असतात. त्या दहा हजारांच्या खाली गेल्या की आपोआप रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून बाहेरून द्याव्या लागतात. आणि त्या साठवून ठेवता येत नाहीत हे मला तेव्हाच कळलं. लाल पेशी शीतकपाटात पाच-सहा आठवडे टिकतात, रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवता येतो, पण प्लेटलेट्स खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या फळीवर झुलवत ठेवल्या तरी फक्त पाच दिवस टिकतात. म्हणजे आत्याला आज जी पिशवी लागणार, ती देणारा माणूस याच आठवड्यात कुठेतरी खुर्चीवर येऊन बसलेला असावा लागतो.

जून संपत आला होता. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, अर्धे रस्ते बंद होते. आत्याचे प्लेटलेट्स सकाळी आठ हजारांवर आले आणि तिच्या गटाची पिशवी रक्तपेढीत शिल्लक नव्हती. घरातले सगळे मोजून झाले. बाबा वयात बसत नव्हते, आत्याच्या मुलाचा गट वेगळा, माझं हिमोग्लोबिन साडेअकराच्या पुढे जायला तयार नाही आणि लागतं किमान साडेबारा. मग रक्तपेढीतल्या बाईंनी त्यांच्याकडच्या यादीतून दोन-चार फोन लावले. रात्री नऊच्या सुमाराला एक तिशीचा माणूस स्कूटरवरून आला.

त्याचं दुचाक्यांवर रेडियमची अक्षरं लावायचं दुकान होतं. हे त्याने स्वतःहून सांगितलं नाही, त्याच्या नखांत चिकटलेल्या रंगीत कपच्यांवरून काकांनी विचारलं म्हणून कळलं. बोलणं तुटक, हसणं जवळजवळ नाहीच. येऊन फॉर्म भरला, तपासणीसाठी हात पुढे केला, आणि यंत्राजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. एका दात्याकडून प्लेटलेट्स घेताना रक्त हातातून बाहेर येतं, यंत्रात घुसळून त्यातल्या प्लेटलेट्स तेवढ्या वेगळ्या काढतात आणि बाकीचं रक्त परत त्याच माणसाला देतात. सव्वा ते दीड तास लागतो. त्या वेळात तो मोबाइलवर कसलीशी क्रिकेटची मॅच बघत होता.

काका काचेबाहेर येरझाऱ्या घालत होते. त्यांना राहवेना. मध्येच आत जाऊन ते त्याला पेशंटबद्दल सांगायला लागले, "माझी बायको आहे, शाळेत शिक्षिका होती…" त्याने हात वर करून थांबवलं.

"काका, नाव-बिव सांगू नका."

"का हो?"

"कळलं की मग चौकशी करावीशी वाटते. बरं झालं तर मलाच भारी वाटणार, नाही झालं तर मलाच वाईट वाटणार. दोन्ही नको. मी आपलं देऊन जातो."

यावर काय बोलायचं ते काकांना सुचलं नाही. सगळं उरकल्यावर तो बाहेर बाकावर बसून रक्तपेढीची बिस्किटं आणि चहा घेत होता तेव्हा काकांनी ठरवून ठेवलेलं पाकीट पुढे केलं. पेट्रोलचे म्हणून घ्या, मुलांना खाऊ घ्या, नाही म्हणू नका, वगैरे. त्याने ते हातातही घेतलं नाही.

"पैसे घेत नाही अशी सही केलीय मी फॉर्मवर." आणि मग बिस्कीट चहात बुडवता बुडवता, "याच्या आधी काकूंना किती पिशव्या लागल्या?"

"दहा-अकरा झाल्या असतील," मी म्हटलं.

"त्या कोणी दिल्या?"

"ते काही माहीत नाही."

"त्यांना शोधून पाकीट दिलंत का? नाही ना? मग ताई, मला पण त्यांच्यातलाच समजा की."

एवढंच. चहाचा कप टोपलीत टाकून, आत डोकावून "मॅडम, येतो" असं म्हणून तो गेला. त्या रात्री साडेअकराला आत्याच्या हातात ती पिवळसर पिशवी लागली आणि सकाळी आकडा चाळीस हजारांच्या जवळ गेला.

आता इथे अशा गोष्टींचा नेहमीचा शेवट करता येईल. साधा रेडियमवाला, पण मन किती मोठं! आपल्याकडे सगळं असून आपण कुरकुरतो, आणि तो बघा! मला हा शेवट मान्य नाही, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

'आपल्यापेक्षा खाली बघावं म्हणजे समाधान मिळतं' असा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलोय. अनवाणी चालणारा दिसला की आपल्या चपलांबद्दल देवाचे आभार मानायचे. मला विचाराल तर ही कृतज्ञता नव्हेच. यात समोरच्या माणसाच्या कमीपणावर आपण स्वतःची उंची मोजतो आणि वर त्याला नम्रता म्हणतो. त्या माणसाला आपण पाहतही नसतो, त्याच्या पायांकडे पाहून परत आपल्याच पायांकडे बघत असतो. त्या रात्री तर हे शक्यच नव्हतं, कारण त्या खोलीत गरजू आम्ही होतो. तो धडधाकट होता, त्याच्याकडे लाखांनी प्लेटलेट्स होत्या आणि आमच्याकडे आठ हजार. पाकीट आमच्या हातात होतं, पण त्याने जे दिलं ते त्या पाकिटात मावणारं नव्हतं.

आणि ते विकत मिळू नये अशीच व्यवस्था आपल्या देशाने जाणूनबुजून केलेली आहे. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त विकणारे लोक अनेक वर्षं होते. गरजेपोटी पुन्हा पुन्हा रक्त देणारे, आजार लपवणारे. त्यातून रोग पसरत. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल निकाल दिला, राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन करायला सांगितलं, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणारे व्यावसायिक दाते बंद झाले. तेव्हापासून रक्तपेढी आपल्याकडून जे पैसे घेते ते तपासणीचे आणि प्रक्रियेचे, रक्ताची अशी किंमत नसते. तिकडे इंग्लंडमध्ये रिचर्ड टिटमस नावाच्या अभ्यासकाने १९७० साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. ब्रिटनमधलं फुकट दिलेलं रक्त आणि अमेरिकेतलं विकत घेतलेलं रक्त यांची तुलना करून त्याने म्हटलं होतं की दान केलेलं रक्त अधिक सुरक्षित असतं. कारण उघड आहे, ज्याला पैसे मिळायचे नाहीत त्याला आजार लपवायचं कारण नसतं. म्हणजे ज्या गोष्टीची परतफेड करता येत नाही, ती परतफेड न करता येण्यामुळेच चांगली राहते! आत्याच्या वहीला हे पटणारं नव्हतं.

पण परंपरेला पटण्यासारखं मात्र आहे. आपल्याला देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणं माहीत असतात. शतपथ ब्राह्मणात यांच्या जोडीला चौथं सांगितलंय, माणसांचं ऋण. प्रत्येक माणूस जन्मतःच बाकी माणसांचा ऋणी असतो, आणि ते फेडायचा मार्ग म्हणजे आल्यागेल्याला अन्न आणि निवारा देणं. गंमत बघा, ज्यांनी आपल्याला दिलं त्यांना परत द्या असं तिथे नाही. जो दारात येईल त्याला द्या. आणि दारात येणारा कोण, तर अतिथी, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही असा. ओळखीचा पाहुणा नव्हे, अनपेक्षित माणूस. त्या रात्री आमच्याकडे आलेला अतिथी फक्त उलटा होता. तोच आम्हाला देऊन गेला.

याचं एक जगप्रसिद्ध उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसनच्या छातीची वयाच्या चौदाव्या वर्षी, १९५१ साली, मोठी शस्त्रक्रिया झाली आणि अनोळखी लोकांच्या रक्तावर तो जगला. अठरा वर्षांचा झाल्याबरोबर रक्त द्यायचं असं त्याने ठरवलं आणि १९५४ पासून ते २०१८ पर्यंत, वयाच्या ८१ व्या वर्षी नियमाने थांबवलं तोवर, १,१७३ वेळा दिलं. त्याच्या रक्तद्रवात एक दुर्मीळ प्रतिपिंड आहे असं पुढे लक्षात आलं. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल तेव्हा बाळाला होणारा धोका टाळायचं औषध त्यापासून बनतं. त्याच्या दानाचा उपयोग २४ लाख बाळांसाठी झाला असं तिथली रक्तसेवा सांगते. २०२५ च्या फेब्रुवारीत तो गेला. या माणसाला सुईची भीती होती आणि टोचताना तो दर वेळी दुसरीकडे बघायचा! मला यातली जास्त मोलाची वाटते ती सुरुवात. ज्यांनी त्याला रक्त दिलं त्यांना तो कधीच शोधू शकला नसता. म्हणून तो मागे वळून न बघता पुढे देत राहिला.

आणि कधी कधी तर परका माणूस हाच एकमेव आधार उरतो. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक असा रक्तगट शोधला की जो कुठल्याच ठरलेल्या गटात बसत नव्हता. जगभर तो आता 'बॉम्बे' गट म्हणूनच ओळखला जातो. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखाद्याचा असतो. या माणसाला सगळ्यांना चालणारं 'ओ' गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. पैसा, ओळखी, गोतावळा सगळं असूनही, आपल्याला कधीही न भेटलेला कोणीतरी गाडीत बसून यायला तयार होईल का, यावर त्याचा जीव अवलंबून. खरं म्हणजे आपण सगळेच थोडेफार त्या गटातले आहोत, फक्त आपल्याला ते जाणवायची वेळ आलेली नसते.

म्हणून मला वाटतं, नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं नव्हे. मान खाली घालून "मी काय, पामर" म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बऱ्याचदा बराच अहंकार असतो. नम्रता म्हणजे घेता येणं. देणं तुलनेने सोपं आहे हो. देताना आपला हात वर असतो. घेताना मात्र आपल्याला काहीतरी कमी आहे हे कबूल करावं लागतं, आणि तेही पाकिटाची मध्यस्थी न करता. पाकीट पुढे करणं हा काकांचा चांगुलपणाच होता, पण त्याचबरोबर तो हिशेब तिथल्या तिथे मिटवायचा प्रयत्नही होता. त्या माणसाने तो मिटवू दिला नाही. आणि दुसऱ्या बाजूने, देणाऱ्याचा अहंकारही त्याने आधीच बाजूला ठेवलेला होता. "बरं झालं तर मलाच भारी वाटणार" हे वाक्य मी कितीदा आठवलं असेल. आपण कोणासाठी काही केलं की निदान त्याचं फळ तरी दिसावं असं आपल्याला वाटतं. त्याला तेवढंही नको होतं.

वारीत अनोळखी माणसं एकमेकांच्या पाया पडतात, दोघंही एकाच वेळी वाकतात, आणि दोघंही दुसऱ्याला 'माउली' म्हणतात. लहानपणी मला ते बघून हसू यायचं, कोण मोठा नि कोण लहान तेच कळेना! आता वाटतं की ते कळू नये म्हणूनच तर ती पद्धत आहे.

आत्याला मी ही सगळी हकीगत दुसऱ्या दिवशी सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, याचा डबा परत कसा करायचा?" दोन दिवसांनी तिने घरून वही मागवली. मला वाटलं लग्नसराईची काही आठवण झाली असेल. पण तिने नवीन पान काढलं, उभ्या रेघा मारल्या, आणि रुग्णालयाच्या बिलांवरून माझ्याकडून एकेक तारीख काढून घेतली. नाव या रकान्यात आडवी रेघ, गाव या रकान्यात आडवी रेघ, काय दिलं: एक पिशवी. पुढेही ती दर पिशवीला लिहीत गेली. शेवटपर्यंत सत्तावीस ओळी झाल्या. 'परत' हा रकाना तिने आखलाच नव्हता. आयुष्यभरात बहुधा पहिल्यांदाच.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी आत्या गेली. म्हणजे त्या रात्रीनंतर साडेचार महिने. या साडेचार महिन्यांत ती नातवाच्या बारशाला खुर्चीत बसून का होईना पण होती, काकांना वरणाला फोडणी द्यायला तिने शिकवली, आणि दोन भावंडांमधलं वीस वर्षांचं भांडण मिटवलं. (कुठली भावंडं ते विचारू नका, दोघंही हे वाचतात.) 'रक्तदान म्हणजे जीवदान' असं भिंतींवर लिहिलेलं असतं. आमच्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही, जीव वाचला नाही. मग ते सत्तावीस जण वाया गेले का? मुळीच नाही. त्यांनी आम्हाला साडेचार महिने दिले. निकाल काय लागला यावर जर कृतज्ञता ठरत असेल, तर तो पुन्हा हिशेबच झाला.

असो. कृतज्ञता ही जाणण्याची गोष्ट असेल तर ती जरा कष्ट घेऊन जाणावी लागते, नुसती वाटून भागत नाही. तुमच्या घरात कोणाला कधी रक्त लागलं असेल, बाळंतपणात, अपघातात, शस्त्रक्रियेत, तर जुनी कागदपत्रं काढून पिशव्या मोजून बघा. बहुतेकांना आपला रक्तगट सांगता येतो, पण आपल्या घराने किती अनोळखी माणसांचं रक्त घेतलंय तो आकडा सांगता येत नाही. आणि मग जमणाऱ्यांनी द्यायला जा. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. शक्यतो मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत जा, तेव्हा कॉलेजं बंद असतात, लोक गावाला गेलेले असतात आणि पेढ्या रिकाम्या असतात. ज्यांना माझ्यासारखं हिमोग्लोबिन साथ देत नाही त्यांनी यादी करायला, फोन करायला, दात्याला स्कूटरवरून न्यायला-आणायला मदत करावी. मी सध्या तेच करते. पालेभाजी आणि गोळ्याही चालू आहेत, मागच्या खेपेला बारा पॉइंट एक होतं. बघू पुढच्या वेळी.